पदवी नसताना पहिली नोकरी: पगाराचा आकडा आणि त्यामागचे काम

पदवी नसलेल्याला नोकरी मिळत नाही, ही तक्रार महाराष्ट्रात तरी अर्धीच खरी आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर-अंबड, बुटीबोरी या औद्योगिक पट्ट्यांत दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना काम मिळते आणि त्यासाठी बहुधा फार थांबावेही लागत नाही. मिळत नाही ते असे काम, ज्याचा पगार दोन वर्षांनी वाढलेला असेल आणि जे सोडून दुसऱ्या कंपनीच्या दारात गेल्यावर ‘मला हे येते’ असे सांगता येईल. म्हणून पहिली नोकरी शोधताना पगाराच्या आकड्याबरोबर, किंबहुना त्याच्याआधी, एक प्रश्न विचारावा: या कामातून दोन वर्षांत कोणते कौशल्य आणि कोणता कागद हाती येणार आहे? लाइनवर पेट्या उचलणारा हेल्पर आणि त्याच शेडमध्ये व्हीएमसी (धातू कापणारे संगणकीकृत) मशीन चालवणारा ऑपरेटर यांच्या सुरुवातीच्या पगारात कधी कधी फारसा फरक नसतो. काही वर्षांनी मात्र ऑपरेटर सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा, झालेला असतो आणि हेल्पर दुसऱ्या ठेकेदाराकडे पुन्हा हेल्पर म्हणूनच लागलेला असतो.

आकडा नीट वाचावा

जाहिरातीत किंवा मुलाखतीत सांगितला जाणारा आकडा अनेकदा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. समजा, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये आणि इतर भत्ते २,००० रुपये, असा एकूण पगार १६,००० रुपये ठरला. त्यावर कंपनी भविष्य निर्वाह निधीसाठी (पीएफ) १२ टक्क्यांनी १,६८० रुपये आणि कर्मचारी राज्य विम्यासाठी (ईएसआय) ३.२५ टक्क्यांनी ५२० रुपये भरते. त्यामुळे सीटीसी १८,२०० रुपये सांगितली जाते. उमेदवाराच्या पगारातून पीएफचे १,६८०, ईएसआयचे ०.७५ टक्क्यांनी १२० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात, म्हणजे बँकेत १४,००० रुपये जमा होतात. हा फरक फसवणूक नव्हे. पीएफचे पैसे उमेदवाराचेच आहेत आणि ईएसआयमुळे त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळू शकतात. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा कंपनीचा वाटाही पगारातूनच कापला जातो किंवा कापलेली रक्कम खात्यात भरलीच जात नाही. महाराष्ट्रात महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर लागत नाही, तरीही काही ठिकाणी तो कापलेला आढळतो. पगाराची स्लिप वाचण्याची सवय पहिल्या महिन्यापासून लावून घेण्याचे हे एक साधे कारण आहे.

तेव्हा मुलाखतीत ‘पगार किती?’ एवढेच विचारून थांबू नये. हातात किती येणार, शिफ्ट आठ तासांची की बारा तासांची, आणि ओव्हरटाइम कोणत्या दराने मिळणार, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. बारा तासांच्या कामाचा पगार आठ तासांचा म्हणून सांगणे ही जुनी युक्ती आहे. जादा तासांना दुप्पट दर देणे कारखान्यांना कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ‘सगळे मिळून अठरा हजार’ असे उत्तर आले, तर त्यातला आठ तासांचा पगार किती आणि ओव्हरटाइमचा किती, हे तिथेच फोड करून घ्यावे. राज्य शासन किमान वेतन उद्योगानुसार, परिमंडळानुसार आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल या श्रेण्यांनुसार ठरवते. त्यातला महागाईशी जोडलेला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरचा चालू तक्ता पाहून मुलाखतीला जाणाऱ्या उमेदवाराशी ठेकेदार वेगळ्या सुरात बोलतो. कंपनीची बस आणि सवलतीचे कँटीन असेल, तर त्याचेही मोल धरावे. गावाकडून येऊन खोली करून राहणाऱ्याला हजार रुपये जास्त देणारी पण बस नसलेली कंपनी शेवटी महागच पडते.

एक वर्ष की दोन वर्षे: आयटीआयचा हिशेब

दहावीनंतर लगेच कामाला लागण्याची अगदीच निकड नसेल, तर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला (आयटीआय) एक-दोन वर्षांचा अभ्यासक्रम हा या वाटेवरचा सर्वांत भरवशाचा टप्पा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशीनिस्ट आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग हे दोन वर्षांचे ट्रेड, म्हणजे व्यवसाय अभ्यासक्रम, आहेत. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक आणि कोपा (संगणक चालक व प्रोग्रॅमिंग सहायक) हे एका वर्षाचे. वेल्डर आणि वायरमनसाठी आठवी उत्तीर्णही पात्र असतो, ही गोष्ट दहावीत अडकलेल्या मुलांच्या घरी फारशी ठाऊक नसते. दहावीच्या निकालानंतर राज्यभरासाठी एकच ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया असते आणि शासकीय संस्थेतले शुल्क खासगीच्या तुलनेत किरकोळ असते.

ट्रेड निवडताना इलेक्ट्रिशियन आणि फिटर यांच्यावर सगळ्यांची उडी पडते, आणि ते चुकीचे नाही, कारण महावितरण, रेल्वे आणि मोठे कारखाने यांच्या जाहिरातींत हीच नावे वारंवार दिसतात. महावितरणच्या विद्युत सहायक पदाला वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्री (वायरमन) हाच ट्रेड लागतो. तिथे पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढून उमेदवार तंत्रज्ञ पदावर जातो. परंतु इलेक्ट्रिशियन किंवा फिटरला प्रवेश मिळाला नाही म्हणून वर्ष वाया घालवण्यापेक्षा मशीनिस्ट, वेल्डर किंवा रेफ्रिजरेशन घेणे शहाणपणाचे ठरते. एसी दुरुस्ती येणाऱ्या मुलाला कारखाना, रुग्णालय, मॉल आणि स्वतःचा धंदा अशी चार दारे उघडी असतात. ज्या ट्रेडचे मशीन संस्थेत बंद पडलेले आहे, तो ट्रेड मात्र कितीही चांगला वाटला तरी घेऊ नये. प्रवेशाआधी संस्थेच्या वर्कशॉपमध्ये एक फेरी मारून दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलले, की खरी परिस्थिती कळते. खासगी संस्थेत प्रवेश घेताना तिला आणि त्या विशिष्ट ट्रेडला मान्यता आहे का, हे तपासावे, कारण मान्यतेविना मिळालेल्या प्रमाणपत्राला रेल्वे किंवा महावितरण ओळखतही नाही.

पुढचे दारही उघडे राहते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण करणाऱ्याला पदविका अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि शिक्षण मंडळाकडून भाषा विषयांची परीक्षा दिल्यास बारावी समकक्षताही मिळते. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम आणि सीपेट (पेट्रोकेमिकल व प्लास्टिक तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था) यांचे टूल-डाय आणि प्लास्टिक क्षेत्रातले दहावीनंतरचे पदविका अभ्यासक्रमही याच पठडीतले आहेत. ते आयटीआयपेक्षा लांबीचे आणि खर्चिक आहेत, पण टूल रूममध्ये काम शिकलेल्याला वाळूज आणि पुणे पट्ट्यात मान आहे.

ॲप्रेंटिसशिप: शिकताना मिळणारे पैसे

शिकाऊ उमेदवारी, म्हणजे ॲप्रेंटिसशिप, १९६१ च्या कायद्याखाली चालते. ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. याचा अर्थ असा, की मोठ्या कारखान्याच्या गेटवर ‘जागा नाही’ असे उत्तर नोकरीबाबत मिळाले, तरी ॲप्रेंटिसबाबत पुन्हा विचारायला हरकत नसते. २०१९ च्या नियमांनी दरमहा किमान विद्यावेतन दहावी उत्तीर्णाला ६,००० रुपये, बारावी उत्तीर्णाला आणि आयटीआय प्रमाणपत्रधारकाला ७,००० रुपये ठेवले. पुष्कळ मोठ्या कंपन्या याहून जास्त देतात. या रकमेतून पीएफ किंवा ईएसआय कापला जात नाही. नोंदणी केंद्र सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर होते आणि करारही तिथेच नोंदला जातो. करार पोर्टलवर दिसत नसेल, तर उमेदवार कायद्याच्या दृष्टीने ॲप्रेंटिस नाही. त्याला ‘ट्रेनी’ म्हणून कमी पैशात राबवले जात आहे, असे समजावे.

मध्य रेल्वे मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर अशा गटांत दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर, परीक्षेविना, ॲप्रेंटिस घेते. हे प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना रेल्वेच्या लेव्हल १ (सर्वांत खालच्या वेतनस्तराच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, आणि त्या पदाचे मूळ वेतनच १८,००० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. मुंबईचे माझगाव डॉक आठवी, दहावी आणि आयटीआय अशा तिन्ही पातळ्यांवर शिकाऊ उमेदवार घेते. ओझरचे हिंदुस्तान एरोनॉटिक्स, खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव आणि भंडारा येथील दारूगोळा व शस्त्रनिर्मिती कारखाने आणि एसटी महामंडळाच्या विभागीय कार्यशाळा याही जाहिराती काढतात. या जाहिराती गाजावाजा न करता येतात आणि त्यांची मुदतही थोडी असते, म्हणून आयटीआयमधल्या निदेशकाशी, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘सरांशी’, उत्तीर्ण झाल्यावरही संपर्क ठेवावा. कंपन्यांचे एचआर प्रथम त्यांनाच फोन करतात.

ॲप्रेंटिसशिप संपल्यावर त्याच कंपनीने नोकरी द्यावी, असे बंधन नाही. तरीही शेवटच्या परीक्षेला बसून राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रमाणपत्र घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. मधल्या काळात दोन हजार जास्त देणारा ठेकेदार भेटतो आणि मुले करार अर्धवट सोडतात; त्या दोन हजारांसाठी पुढच्या अनेक भरत्यांचा दरवाजा बंद होतो.

याच्याशी गल्लत होणारी दुसरी योजना म्हणजे राज्य शासनाची २०२४ मधली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. तिच्यात बारावी उत्तीर्णाला दरमहा ६,००० आणि आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० रुपये विद्यावेतन ठरले. कालावधी आधी सहा महिने होता, तो नंतर अकरा महिने झाला. ही नोकरी नव्हे आणि तिच्यातून कायम होण्याचा हक्कही मिळत नाही. ग्रामपंचायत किंवा शासकीय कार्यालयात केवळ झेरॉक्स काढण्यात हे महिने जाणार असतील, तर त्यापेक्षा कारखान्यातली ॲप्रेंटिसशिप सरस. राज्य शासनाच्या महास्वयम रोजगार पोर्टलवर नोंदणी मात्र करून ठेवावी, कारण जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे रोजगार मेळावे तिथूनच कळतात.

दहावी-बारावीवर मिळणाऱ्या सरकारी जागा

डाक खात्यातील ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते. परीक्षा नसते आणि महाराष्ट्र परिमंडळात, ज्यात गोवाही येतो, स्थानिक भाषा दहावीपर्यंत शिकलेली असावी लागते. शाखा डाकपालाचा मूळ मोबदला १२,००० आणि डाक सेवकाचा १०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर महागाई भत्ता. काम साधारण चार-पाच तासांचे असते, त्यामुळे घरची शेती किंवा दुकान सांभाळणाऱ्याला ही जागा सोयीची पडते. ज्याला पूर्ण वेळ कमाई हवी, त्याने हा हिशेब आधी करावा. दहावीला नव्वदीच्या आसपास गुण नसतील, तर खुल्या प्रवर्गातून फार आशा ठेवू नये.

पोलीस शिपाई पदाला बारावी पुरते. ५० गुणांची मैदानी आणि १०० गुणांची लेखी परीक्षा होते आणि मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते. कर्मचारी निवड आयोगाच्या एमटीएस (मल्टिटास्किंग स्टाफ) आणि केंद्रीय दलांच्या जीडी (जनरल ड्युटी) कॉन्स्टेबल परीक्षा दहावीवर, तर सीएचएसएल ही केंद्रीय कार्यालयांतल्या लिपिकवर्गीय पदांची परीक्षा बारावीवर देता येते. या सर्वांत स्पर्धा प्रचंड आहे. अकादमीची फी आणि खोलीभाडे भरून, दुसरे काहीही न करता सलग तीन-चार वर्षे ‘भरतीची तयारी’ करणाऱ्या मुलांच्या घरचा खर्च पाहिला, की ही तयारी ॲप्रेंटिसशिप किंवा नोकरीला जोडून करावी, असेच सांगावेसे वाटते. सकाळचे धावणे आणि दुपारची शिफ्ट हे एकत्र जमते.

एका वाटेकडे मात्र फार थोडे लोक पाहतात, ती म्हणजे लघुलेखनाची. राज्य शासनाच्या अनेक विभागांत लघुटंकलेखक आणि लघुलेखक या पदांना दहावी, लघुलेखनाचा ठरावीक वेग आणि टंकलेखन प्रमाणपत्र एवढीच अर्हता असते. लघुटंकलेखकाला मिनिटाला ८०, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणीला १२० शब्दांचा वेग लागतो. निम्नश्रेणीचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून, उच्चश्रेणीचे ४१,८०० रुपयांपासून सुरू होते. दहावीच्या अर्हतेवर इतके मूळ वेतन देणारी शासकीय पदे फारच थोडी आहेत. जागा कमी निघतात हे खरे, पण १२० चा वेग असलेले उमेदवारही कमी असतात. दीड-दोन वर्षे रोज तास-दोन तास हात चालवण्याची चिकाटी असलेल्याने तालुक्याच्या टंकलेखन संस्थेत लघुलेखनाचा वर्ग चालतो का, याची चौकशी जरूर करावी. उलट लिपिक-टंकलेखक पदाला राज्यात पदवी लागते, त्यामुळे नुसते मिनिटाला ३०-४० शब्दांचे टायपिंग आणि एमएस-सीआयटी करून लिपिकाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

कारखान्याबाहेर

बारावीनंतर परिचारिकेचा दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम मुलींसाठी, आणि जीएनएम मुलांसाठीही, पक्की वाट आहे. संस्था भारतीय व महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यताप्राप्त असणे ही अट. सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग असिस्टंट’ कोर्सला परिषदेची नोंदणी मिळत नाही, आणि त्या मुलींना परिचारिकेचे काम सांगून आयाचा पगार दिला जातो. वाहनचालकाच्या कामात हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष जुना झाल्यावर आणि वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्यावर जड वाहनाच्या परवान्याकडे जावे. गोदामांत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यालाही मागणी आहे. कॉल सेंटरमध्ये मराठी-हिंदी बोलण्यावर काम मिळते आणि मोबदला बरा असतो, पण तिथे रात्रपाळी, टार्गेट आणि इन्सेंटिव्ह यांचा नीट खुलासा करून घ्यावा. विक्रीच्या ज्या नोकरीत ठरावीक पगार नसून केवळ कमिशन आहे, ती पहिली नोकरी म्हणून धरू नये.

कागद, मुलाखत आणि फसवणूक

मराठी मुलांची नोकरी कागदांवर अडते ती बहुधा नावामुळे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचे नाव गाळलेले, असे तीन कागद असले, की पीएफचे खाते उघडताना आणि पुढे पैसे काढताना खेटे घालावे लागतात. निकाल लागल्याबरोबर आधार, पॅन आणि बँक खाते शाळेच्या कागदाशी जुळवून घ्यावे. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, लागू असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर यांना वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट न पाहता अर्ज करावा.

बायोडाटा एका पानाचा पुरे. त्यात ‘कष्टाळू, प्रामाणिक’ लिहिण्याऐवजी कोणते मशीन चालवले, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मोजमापाची साधने वाचता येतात का, ड्रॉइंग समजते का, हे लिहावे. कारखान्याच्या शॉपवरच्या मुलाखतीत पर्यवेक्षक तेच हातात देऊन विचारतो. अनुभव शून्य असेल, तर आयटीआयमध्ये बनवलेला जॉब (सरावाचा नग) किंवा घरच्या पंपाची केलेली दुरुस्ती सांगण्यात कमीपणा नाही.

नोकरीसाठी पैसे मागणारा कोणीही असो, तिथून उठावे. नोंदणी फी, युनिफॉर्मचे डिपॉझिट, प्रशिक्षणाचा खर्च, ‘साहेबांचा वाटा’ ही नावे बदलतात एवढेच. सरकारी परीक्षेचे शुल्क फक्त अधिकृत संकेतस्थळावर भरले जाते; रेल्वेच्या भरतीत तर ५०० रुपयांच्या शुल्कातले ४०० रुपये परीक्षेला बसल्यावर परत मिळतात. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, ठेवून घेऊ देऊ नयेत. ‘ऑफिसचे काम’ सांगून हॉटेलच्या सभागृहात बोलावले आणि आधी सामान विकत घ्यायला लावले, तर ती साखळी विक्री असते.

रुजू झाल्यावर

नियुक्तीपत्र कोणाच्या नावाचे आहे, कंपनीच्या की ठेकेदाराच्या, हे सही करण्याआधी पाहावे. ठेकेदाराकडे काम करणे वाईटच असे नाही. अनेकांची सुरुवात तिथूनच होते. मात्र वर्षभरात २४० दिवसांची सलग सेवा झाली, की कामगाराला काही कायदेशीर संरक्षण मिळते, आणि म्हणूनच सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची, म्हणजे काही काळ कामावरून कमी करण्याची, पद्धत पडली आहे. ब्रेक मिळणार हे गृहीत धरून त्या महिन्यांचा उपयोग करावा: लाइनवरून मशीनवर घ्यावे असे पर्यवेक्षकाला सांगत राहावे, सेकंड शिफ्टला सेटरच्या शेजारी उभे राहावे, आणि बाहेर पडताना अनुभवाचे पत्र मागून घ्यावे. दोन ब्रेकनंतरही काम हेल्परचेच राहिले, तर तिसऱ्यांदा त्याच गेटवर जाऊ नये.

पहिल्या पगारानंतर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, मागून उमंग ॲपवर पीएफचे पासबुक उघडावे आणि कापलेली रक्कम कंपनीच्या वाट्यासह जमा झाली का, हे पाहावे. दोन-तीन महिने नोंद दिसली नाही, तर आधी एचआरला लेखी विचारावे, मग भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या ऑनलाइन तक्रार व्यवस्थेत स्लिपच्या फोटोसह तक्रार नोंदवावी. नोकरी बदलताना तोच क्रमांक नव्या कंपनीत द्यावा आणि जुनी रक्कम काढून न घेता पुढे वळती करावी.